‘तुरुंग’ व ‘ट्रोंक’

इ. स. १८९९-१९०२ च्या युद्धांत इंग्रजांनीं पकडलेले कित्येक बोअर लोक अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें बंदींत होते. ‘बोअर’ म्हणजे शेतकरी. त्यांच्या आफ्रिकान्स बोलींत बंदिशाळेस ‘ट्रोंक’ म्हणतात. नगरचा मनुष्य तिलाच ‘तुरुंग’ म्हणतो. हें साम्य आकस्मिक नव्हे. दोहोंचें मूळ पोर्तुगीज ‘त्रोंको’ हें होय. त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा. त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचा लांकडी खोडा, व पुढें बंदिशाळा. आमच्याकडे तो शब्द पश्चिम किनाऱ्यावरून आला. केप येथें डचांनीं १६५२ त वसाहत केली. तेथें आशियांतून नेलेल्या गुलामांत पोर्तुगीज-मिश्रित बोली चालत असे. मुलें सांभाळणारी ‘आया’ हा शब्दही दोन्ही भाषांत पोर्तुगीजांतूनच आला आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ‘तुरुंग’ शब्दाचा संस्कृत ‘तुरंग’ (घोडा) याशीं संबंध जोडूं नये. तसेंच, पोर्तुगीज हिंदुस्थानांत १४९८ त आले. त्यापूर्वींचा म्हणविणाऱ्या एखाद्या मराठी कागदांत ‘तुरुंग’ आढळल्यास त्याच्या अस्सलपणाविषयीं शंका घेणेंच उचित होय.