बोका पुन्हापुन्हा वाळूत बसतो तेव्हा

सकाळपासून बोका सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जातोय. पाठ वाकवून जोर करतो, एखादा थेंब पडतो किंवा तोही नाही. मग बाहेर येऊन मागचं अंग चाटत बसतो, मधूनच वेगळ्याच आवाजात ओरडतो. घरात याचा अर्थ बहुधा एकच लावला जातो: पोट साफ होत नाहीये. कोणी दूध पाजतं, कोणी एरंडेल, कोणी म्हणतं उद्या सकाळी दाखवू. पण अनेकदा अडलेली असते ती शी नव्हे, लघवी. आणि मग उद्या सकाळपर्यंत थांबण्यात जीव जाऊ शकतो.

नर मांजराची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद होत जाते. लघवीतले बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं बूच तिथे बसलं की मूत्राशय तुंबतं, मूत्रपिंडांवर मागून दाब येतो आणि बाहेर पडायला हवं ते सगळं रक्तात साठू लागतं. त्यातलं पोटॅशियम सर्वांत घातक, कारण वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. वाट पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत प्रकरण हाताबाहेर जातं. अशा वेळी पोट दाबून बघू नये, गच्च भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. डॉक्टर भूल देऊन नळी घालतात, सलाइन लावतात, आणि वेळेत पोचलेले बहुतेक बोके बरे होऊन घरी येतात. भाटीची नलिका आखूड आणि रुंद असल्यामुळे ती अशी क्वचितच अडते. तिलाही लघवीची जळजळ होते, रक्त जातं, पण एवढी घाई सहसा नसते.

या त्रासामागे दर वेळी जंतुसंसर्ग असतोच असं नाही. तरुण मांजरांत तर तो कमीच सापडतो. मूत्राशयाला सूज येते आणि ठोस कारण हाती लागत नाही, अशी मांजरं पुष्कळ. त्यांच्या बाबतीत मनावरचा ताण हा मोठा भाग असतो. घराला रंग काढला, गणपतीला पाहुणे आले, नवं मांजर आणलं, ट्रेची जागा बदलली: आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टी मांजराच्या लघवीपर्यंत पोचतात. गादीवर किंवा कपड्यांच्या ढिगावर लघवी केली म्हणून त्याला ओरडणारी, मारणारी माणसं दिसली की मला फार वाईट वाटतं. ते मांजर सूड उगवत नसतं. बऱ्याचदा त्याला ट्रेमध्ये दुखलेलं असतं, म्हणून ते मऊ जागा शोधत असतं.

मांजर दुखणं लपवतं, ते का? आपल्या घरातलं मांजर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या वंशातलं. ते रानमांजर एकट्याने शिकार करतं आणि स्वतःही मोठ्या जनावरांची शिकार होतं. कळप नाही, त्यामुळे आजारपणात कोणी खायला आणून देणारं नाही. अशक्तपणा दिसला तर हल्ला मात्र नक्की. ही सवय सोफ्यावर झोपणाऱ्या मांजराच्याही अंगात आहे. ते कण्हत नाही, नुसतं शांत होतं. पलंगाखाली किंवा कपाटावर जाऊन बसतं. आपण म्हणतो, हल्ली किती शहाणं झालंय. हे वाक्य कोणाच्या तोंडून आलं की मी आधी विचारते, जेवतंय का?

घुरघुर ऐकून निर्धास्त होऊ नये. मांजर सुखात घुरघुरतं तसंच जखमी असताना आणि विताना वेदनेतही घुरघुरतं. त्यापेक्षा चेहरा अधिक खरं सांगतो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत तयार केली आणि 2019 मध्ये ती प्रसिद्ध झाली. कान, डोळे, नाका-तोंडाचा भाग, मिशा आणि डोकं, अशा पाच गोष्टी बघायच्या. कान एकमेकांपासून लांब होऊन बाहेर वळलेत का, डोळे किलकिले आहेत का, तोंडाचा भाग ताणून लांबट दिसतोय का, मिशा सरळ ताठ पुढे आल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. ही पद्धत दवाखान्यासाठी असली तरी घरचं माणूसही ती शिकू शकतं. अट एकच: मांजर जागं आणि स्वस्थ असताना बघायचं, झोपेत, खाताना किंवा अंग चाटताना नाही. निरोगी असतानाचे दोन-चार फोटो मोबाइलमध्ये असले तर फरक चटकन कळतो.

खाण्याबद्दल एक गैरसमज जिवावर बेततो. एक दिवस उपास घडला तर पोटाला आराम, हा आपला हिशेब मांजराला लावू नये. मांजराने दोन-तीन दिवस खाणं टाकलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही आणि ते निकामी होऊ लागतं. गुबगुबीत मांजराला हा धोका सर्वांत जास्त. पूर्ण चोवीस तास तोंडाला काहीच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करावा, आणि पिल्लू असेल तर त्याच्याही बराच आधी.

श्वासाचं काम सोपं आहे. मांजर गाढ झोपलेलं असताना छाती वर जाऊन खाली येणं म्हणजे एक, असं मिनिटभर मोजायचं. आकडा पुन्हापुन्हा तीसच्या वर जात असेल तर हृदय किंवा फुप्फुसं तपासायला हवीत. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणारं मांजर दिसलं तर मात्र मोजत बसू नये, निघावं. मागचे दोन्ही पाय अचानक लुळे आणि गार पडले, मांजर किंचाळू लागलं, तरी तसंच. हृदयात झालेली गुठळी पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकलेली असू शकते.

म्हाताऱ्या मांजरांच्या बाबतीत वय झालं हे कारण आपण फार लवकर स्वीकारतो. पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतंय, ट्रेमधले गोळे मोठे झालेत, तर मूत्रपिंडं किंवा मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडांचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन बहुधा वाढलेलं दिसत नाही, म्हणून घरात दिसणाऱ्या या खुणा मोलाच्या. भूक वाढली आणि तरी मांजर वाळत चाललं, तर थायरॉइड. सांध्यांचं दुखणं तर जवळजवळ अदृश्य असतं. अमेरिकेत बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांच्या एक्स-रेंचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. लंगडणं यात क्वचितच दिसतं. मांजर ओट्यावर एका उडीत चढायचं ते आता आधी स्टुलावर चढतं, कमरेकडचे केस चाटता न आल्याने गुंततात, उंच काठाचा ट्रे टाळून ते बाहेरच बसतं. बुटक्या काठाचा ट्रे आणि मधली एक पायरी एवढ्यानेही त्याचा दिवस सुखाचा होतो. औषधं वेगळी, तीही मिळतात.

ताप वाटतो म्हणून आपल्या डब्यातली गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी क्षमता मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. एका गोळीनेही ते मरू शकतं: हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला लागलं तर झटके येतात. पुष्पगुच्छातल्या खऱ्या लिलीची पानं, फुलं, अगदी परागकणही मूत्रपिंडं बंद पाडतात. आणि तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, आत तो आतड्याला कापत जातो.

दवाखान्यात टेबलावर ठेवल्यावर मांजर गोठल्यासारखं बसतं. लंगडणं, खोकला, ट्रेमधली धडपड, काहीच दाखवत नाही. म्हणून घरी जे दिसलं त्याचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्यावा. शेवटची लघवी केव्हा झाली, शेवटचं काय आणि किती खाल्लं, उलटी झाली असेल तर कशी होती, हे कागदावर लिहून ठेवावं, कारण घाबरलेल्या माणसाला ते नेमकं आठवत नाही. महिन्यातून एकदा वजन करावं. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम उतरलं तर केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या अंगाचा दहावा भाग गेलेला असतो, आणि तेवढ्यावर डॉक्टर रक्त तपासायला घेतात.