कामाच्या जागी उजेड : किती आणि कसा?

जालना म्हटले की दोन उद्योग चटकन आठवतात : बियाणे आणि लोखंडी सळ्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे औद्योगिक वसाहतीत सळ्या लाटणाऱ्या रोलिंग मिलही उभ्या राहिल्या. दाणे निवडणाऱ्याला लागणारा उजेड आणि फिरत्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराला लागणारा उजेड मात्र एकसारखा नसतो. असे का, ते पाहू.

उजेड किती?
एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक ल्यूमेन प्रकाश पडला तर तेथील उजेड एक लक्स मानतात. भर उन्हात हा आकडा एक लाखाच्या आसपास जातो. लिहिण्या-वाचण्याला ३०० ते ५०० लक्स पुरतात. समजा, आपले कार्यालय ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे. २० चौरस मीटरवर ३०० लक्स हवे, म्हणजे ६,००० ल्यूमेन टेबलापर्यंत पोहोचायला हवेत. भिंती पांढऱ्या व दिवे स्वच्छ असतील आणि ६० टक्के प्रकाश खाली पोहोचत असेल, तर दिव्यांतून १०,००० ल्यूमेन निघावे लागतील. २,००० ल्यूमेनच्या पाच एलईडी नळ्या झाल्या. भिंती काळवंडून हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले, तर आठ नळ्या लागतील. चुन्याचा एक हात तीन नळ्या वाचवतो!

रंग ओळखू येतो का?
बियाण्यातून डागाळलेला किंवा दुसऱ्या जातीचा दाणा वेगळा काढायचा, तर रंगातील बारीक फरक दिसला पाहिजे. सोडिअमच्या पिवळ्या दिव्याखाली तो दिसत नाही, कारण त्या प्रकाशात इतर रंगांचे किरण फारच थोडे असतात. जो रंग दिव्यातच नाही, तो दाण्यावरून परावर्तित कसा होणार? दिव्याचा हा गुण रंगदर्शन निर्देशांकाने सांगतात. त्याची कमाल १०० आहे. कार्यालयाला ८० चालतो, रंग पारखण्याच्या कामाला ९० च्या वर हवा.

थांबलेले दिसणारे चाक
आपल्या विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असते. त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. सहा आऱ्यांचे चाक मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर १/१०० सेकंदात ते बरोबर एक-षष्ठांश फेरा पुरा करते. प्रत्येक वेळी आधीच्या आरीच्या जागी पुढची आरी आलेली असते आणि चाक थांबल्यासारखे भासते. यंत्र बंद आहे असे समजून कोणी हात घातला, तर तो हात गेलाच. म्हणून अशा ठिकाणी शेजारशेजारचे दिवे विजेच्या तीन वेगवेगळ्या फेजवर जोडतात किंवा न लुकलुकणारे चांगल्या प्रतीचे एलईडी दिवे लावतात. हलक्या प्रतीचे एलईडी दिवेही लुकलुकतात, हे विसरू नये.

सूर्य विसरू नका
जालना सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेचा उत्तरार्ध ते जुलैचा तिसरा आठवडा एवढा काळ सोडला, तर मध्यान्हीचा सूर्य येथे दक्षिणेकडेच असतो. म्हणून कामाच्या वेळात उत्तरेच्या खिडकीतून ऊन न येता आकाशाचा सौम्य उजेड मिळतो. टेबल असे ठेवावे की उजेड डावीकडून येईल. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली मग कागदावर पडत नाही. डावखुऱ्यांसाठी उलट. संगणकाच्या पडद्यासमोर किंवा पाठीमागे खिडकी नसावी.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील १७ व्या कलमात हेच होते : उजेड पुरेसा व योग्य हवा, डोळे दिपू नयेत, धोका होईल अशा सावल्या पडू नयेत आणि खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ असाव्यात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून त्याच्या उजेडात पेन्सिल जोराने इकडून तिकडे हलवावी. तिचा अखंड पट्टा दिसला तर प्रकाश स्थिर आहे. वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे. शाळेतील सर्व दिवे विद्यार्थ्यांकडून असे तपासून घ्यावेत, आणि पिठाच्या गिरणीतला दिवा विसरू नये : तेथेही चाक फिरत असते.