६४०० डीपीआय म्हणजे नक्की किती?

एप्सनच्या ‘व्ही ८५०’ या टेबलावरच्या स्कॅनरची क्षमता कंपनी ६४०० डीपीआय सांगते. आकडा खोटा नाही. एका इंचात तितक्या ठिकाणी यंत्र उजेड मोजते. पण भिंगाला तेवढे बारीक दिसते का, हा प्रश्न वेगळा. तो तपासायला बारीक बारीक होत जाणाऱ्या रेघांची चाचणीपट्टी असते. अमेरिकी हवाई दलाने १९५१ मध्ये ठरवून दिलेली पट्टी आजही वापरात आहे. ती स्कॅन करून पडद्यावर मोठी केली, की एका टप्प्यावर तीन रेघा एकमेकींत मिसळून नुसता राखाडी पट्टा उरतो. या जातीच्या स्कॅनरमध्ये तो टप्पा २३०० डीपीआयच्या आसपास येतो. त्यापुढचे पिक्सेल फक्त हार्ड डिस्क भरतात.

३५ मिमी फिल्म वापरणारे यावर कुरकुरतात, ते रास्तच आहे. त्यांच्या इवल्या चौकटीतून जेमतेम सात मेगापिक्सेल हाती लागतात. चार बाय पाच इंचांच्या निगेटिव्हमधून मात्र त्याच स्कॅनरवर शंभराच्या वर मेगापिक्सेल मिळतात. सोळा बाय वीस इंचांची प्रिंट काढायची, तर ही निगेटिव्ह चौपटच वाढवावी लागते. म्हणजे इंचामागे ५७५ बिंदू उरतात. चांगल्या प्रिंटचे ३०० मध्ये भागते.

खरी डोकेदुखी फोकसची. भिंगाचा फोकस काचेच्या किंचित वर, ठरलेल्या उंचीवर असतो आणि होल्डरमधल्या मोठ्या फिल्मला नेमका मधोमध झोळ येतो. कडा लख्ख, चेहरा मऊ! बरे, फिल्म सरळ काचेवरच टेकवावी, तर दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये हवेचा पातळ थर अडकतो. त्याच्या वरच्या-खालच्या बाजूंवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि ओल्या रस्त्यावरच्या पेट्रोलच्या तवंगासारखी रंगीत वलये उमटतात. हीच न्यूटनची वलये. त्यावर उपाय म्हणजे अगदी बारीक खरखरीत केलेली अँटी-न्यूटन काच.

धुळीचे काय? रंगीत फिल्मवर अवरक्त किरण मदतीला येतात. फिल्ममधल्या रंगांतून ते आरपार जातात, धुळीवर अडतात. त्यामुळे कण कुठे आहे ते सॉफ्टवेअरला कळते. कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमाच चांदीची. चांदीही हे किरण अडवते, आणि सॉफ्टवेअर निम्मा फोटो कचरा समजून पुसू लागते. तिथे ही सोय बंदच ठेवायची. मग हातात ब्लोअर आणि मऊ ब्रश, आणि तरीही उरलेले पांढरे ठिपके माउसने एकेक टिपत बसणे.