निलगिरीची वाढ आणि इमारती लांकूड

निलगिरी हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियांतला. ज्या निलगिरी पर्वतावर १८४३ मध्यें तो प्रयोगादाखल लावला गेला, त्याचेंच नांव मराठींत त्यास मिळालें. पुढें १८५६ पासून तेथें सरपणासाठीं त्याची पद्धतशीर लागवड झाली.

सरपण व खांब यांकरितां जी त्वरित वाढ गुण ठरते, तीच फळ्या पाडतांना दोष होते. वाढत्या खोडाच्या बाहेरील थरांत ताण असतो व गाभ्यांत दाब. झाड तोडतांच हा समतोल मोडतो; ओंडक्याच्या तोंडाशीं भेगा पडतात, फळ्या वांकतात. कोंवळ्या झाडांत हें विशेष आढळतें. म्हणून आठ-दहा वर्षांचें झाड खांबास पुरे. करवतीसाठीं मात्र तें अधिक वर्षें राखावें. खुरटीं झाडें वेळींच काढून उरलेल्यांस अंतर द्यावें. खालच्या फांद्या बारीक असतांनाच छाटाव्या, म्हणजे लांकडांत गांठी कमी राहतात. फळ्या सावलींत, मधून हवा खेळेल अशा रचून, सावकाश वाळवाव्या.

तोडलेल्या बुंध्यास पुन्हां फुटवे येतात, हा लाभ खराच. परंतु हीं झाडें जमिनींतील ओलही पुष्कळ ओढतात. ज्या शेतकऱ्याची सारी मदार एका विहिरीवर आहे, त्यानें तीं विहिरीपासून व पिकापासून दूरच लावावीं. लांकूड बाजारांत विकत मिळेल. आटलेल्या विहिरीचें पाणी मिळणार नाहीं.