आधी ठिपके मोजा

कार्बन डायऑक्साइडची ठिपका-संरचना काढायला सांगितली की वह्यांमध्ये एक चूक हटकून सापडते. मधे कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, त्यांना जोडणारी एकेक रेषा, आणि मग प्रत्येक अणूभोवती आठ भरेपर्यंत ठिपकेच ठिपके. आकृती नेटकी दिसते, तिघांचीही अष्टके पूर्ण असतात. पण सगळे इलेक्ट्रॉन मोजले तर ते भरतात २०, आणि या रेणूजवळ संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बंधांसाठी मोजायचे सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, आहेत फक्त १६. वरचे चार आले कुठून?

मन लावून काढूनही ही आकृती चुकते, कारण तिच्याकडे चित्र म्हणून पाहिले जाते. मुळात तो इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च आहे. दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी वाटून घेतात आणि ती जोडी म्हणजेच बंध, ही कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. अणूच्या चिन्हाभोवती ठिपके काढून ती दाखवण्याची रीतही त्यांचीच. म्हणून या आकृत्यांना लुईस संरचना म्हणतात. त्यांच्याभोवती काही गैरसमज घट्ट चिकटून बसले आहेत.

गैरसमज : प्रत्येक रेणूची आकृती पाठ करावी लागते.

वस्तुस्थिती : पाठ करण्यासारखे काही नाही, मोजण्यासारखे आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके मोजून मांडतात आणि मग रेषा ओढतात, तोच क्रम इथे. कार्बनचे संयुजा इलेक्ट्रॉन ४, दोन ऑक्सिजनचे ६ आणि ६, एकूण १६. दोन एकेरी बंधांत ४ गेले, उरले १२. ते बाहेरच्या ऑक्सिजनना सहा-सहा वाटले की शिल्लक शून्य. आता कार्बनकडे पाहिले तर त्याच्याभोवती चारच आहेत. बाहेरून नवे इलेक्ट्रॉन आणता येत नाहीत. म्हणून दोन्ही ऑक्सिजन आपल्याजवळची एकेक जोडी बंधासाठी पुढे करतात. एकेरी बंध दुहेरी होतात, तिघांची अष्टके पूर्ण होतात, आणि बेरीज १६ची १६च राहते.

आयन असेल तर त्याचा प्रभारही हिशेबात धरायचा. ऋण प्रभार असेल तर तितके इलेक्ट्रॉन मिळवायचे, धन असेल तर वजा करायचे. अधिक चिन्ह पाहून बेरीज करण्याची चूक इथे फार होते. अमोनियम आयनात नायट्रोजनचे ५, चार हायड्रोजनचे ४ आणि त्यातून १ वजा, म्हणजे ८.

गैरसमज : सूत्रात पहिला येणारा अणू आकृतीत मधोमध बसतो.

वस्तुस्थिती : पाण्याच्या सूत्रात हायड्रोजन पहिला आहे, पण मध्यभागी ऑक्सिजनच असतो. हायड्रोजनला एकच बंध करता येतो. मधे बसून दोघांना धरून ठेवणे त्याला जमणारे नाही. बाकीच्यांत सहसा कमी विद्युतऋणता असलेला, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे कमी ओढणारा, अणू मधे येतो. त्यामुळे नायट्रस ऑक्साइडमध्ये क्रम नायट्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन असा लागतो. सूत्र वाचून ऑक्सिजन मधे टाकणारे इथे हमखास फसतात.

गैरसमज : आकृती जशी दिसते तसाच रेणूचा आकार असतो.

वस्तुस्थिती : कागदावर पाण्याचा रेणू सरळ रेषेत काढला तरी ठिपक्यांचा हिशेब बरोबरच राहतो. प्रत्यक्षात त्याच्या दोन बंधांमधला कोन १०४.५ अंशांचा आहे. आकार ओळखण्यासाठी मधल्या अणूभोवतीच्या जोड्या पाहाव्या लागतात. पाण्यातल्या ऑक्सिजनवर बंधात नसलेल्या दोन जोड्या आहेत; त्या जागा व्यापतात आणि रेणू वाकतो. कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनवर अशी एकही जोडी नाही, म्हणून तो रेणू सरळ राहतो. आकृती कोन दाखवत नाही, पण कोन शोधायला लागणारी माहिती देते.

गैरसमज : प्रत्येक अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन हवेतच.

वस्तुस्थिती : हायड्रोजनला दोन पुरतात. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच मांडले जातात, आणि त्या उणिवेवरूनच त्याचा स्वभाव कळतो: अमोनिया भेटला की त्याच्या नायट्रोजनवरची मोकळी जोडी बोरॉन बंधासाठी घेतो. विजेच्या उपकरणांत रोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरला सहा बंध, म्हणजे त्याच्याभोवती १२ इलेक्ट्रॉन. नायट्रिक ऑक्साइडची बेरीज तर ५ अधिक ६, म्हणजे ११. विषम संख्येच्या जोड्या लावता येत नाहीत. एक इलेक्ट्रॉन एकटा राहणारच. हाच रेणू आपल्या शरीरात रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप पोचवतो. त्या शोधाला १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

‘अष्टक’ ही कल्पना लोकप्रिय केली रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी, १९१९ पासून. स्वतः लुईस मात्र आठाच्या नियमापेक्षा जोडीचा नियम अधिक मूलभूत मानत.

गैरसमज : ओझोनमधला दुहेरी बंध इकडून तिकडे उड्या मारत असतो.

वस्तुस्थिती : ओझोनच्या १८ इलेक्ट्रॉनांची मांडणी करताना एका बाजूला दुहेरी आणि दुसऱ्या बाजूला एकेरी बंध काढावा लागतो. बाजू बदलूनही आकृती तितकीच बरोबर ठरते. पण मोजमाप सांगते की दोन्ही बंध सारखेच, सुमारे १२८ पिकोमीटर लांबीचे आहेत. ऑक्सिजन वायूतला दुहेरी बंध १२१ पिकोमीटरचा, तर हायड्रोजन पेरॉक्साइडमधला एकेरी बंध १४७च्या आसपास. ओझोनचे बंध या दोहोंच्या मधले आहेत आणि कायम तसेच असतात. एका आकृतीत ते मावत नाहीत, म्हणून दोन काढून मधे दुतोंडी बाण देतात. त्या बाणाचा अर्थ हालचाल असा नाही. दोन्ही आकृत्या एकत्र वाचा, एवढेच तो सांगतो.

गैरसमज : संरचना बिनचूक आली की रेणूचे सगळे गुणधर्म कळतात.

वस्तुस्थिती : ऑक्सिजन वायूची आकृती सर्वांत सोपी वाटते. १२ इलेक्ट्रॉन, एक दुहेरी बंध, दोन्ही अष्टके पूर्ण, प्रत्येक इलेक्ट्रॉन जोडीत. हिशेबात कुठेही खोट नाही. जोडीत नसलेला इलेक्ट्रॉन अणूला चुंबकाकडे ओढतो, आणि इथे तर एकही मोकळा दिसत नाही. म्हणजे चुंबकाने ऑक्सिजनकडे ढुंकूनही पाहू नये. प्रयोगशाळेत मात्र वेगळेच घडते. उणे १९६ अंशांवरचा द्रव नायट्रोजन शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून ओतला तर तो सरळ खाली सांडतो. फिकट निळा द्रव ऑक्सिजन तिथेच ओतला की तो ध्रुवांच्या मधोमध अडकतो आणि उकळून उडून जाईपर्यंत तिथेच लटकत राहतो. ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूतले दोन इलेक्ट्रॉन एकएकटे असतात, हे १९२९ मध्ये जॉन लेनार्ड-जोन्स यांनी रेणूकक्षांच्या सिद्धांतातून दाखवून दिले. ठिपक्यांच्या आकृतीत त्या दोघांना आजही वेगळी जागा नाही.