सम पायाखाली

दोन वर्षं मी आमच्या सोसायटीच्या कोजागिरीला गायले नाही. ‘घसा बरा नाही’ हे कारण सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलं. घसा चांगला ठणठणीत होता हो, पट्टी बदलली होती! थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझी काळी चार गेली आणि आवाज पांढरी चारवर येऊन बसला. पेटीवाले काका म्हणाले, ‘‘वहिनी, इतक्या खाली गाणं पडतं.’’ कराओकेचा ट्रॅक खाली ओढून पाहिला, तर सगळ्या वाद्यांना सर्दी झालेली!

मागच्या वर्षी चिरंजीव नोकरीसाठी बंगळुरूला गेले. मागे राहिली त्यांची पिकअपवाली गिटार आणि पायाने दाबायची एक लोखंडी डबी. लूपर पेडल. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की तेवढाच तुकडा फिरत राहतो. त्यावर आणखी थर चढवता येतात. केटी टन्स्टल ही स्कॉटिश गायिका २००४ साली बीबीसीच्या कार्यक्रमात गिटार आणि असंच पेडल घेऊन एकटीच उभी राहिली होती. ते मी यूट्यूबवर पाहिलं. म्हटलं, ही बाई कुणाच्या पेटीसाठी थांबली नाही!

कॉलेजात शिकलेले पाच-सहा कॉर्ड्स बोटं विसरली नव्हती. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून डीचा कॉर्ड धरला की माझी पांढरी चार हजर. गिटार पेडलला जोडली, झकास वाजली. माइक मात्र जोडता येईना. पेडलला गिटारचं भोक, माइकच्या वायरीला तीन पिना. दुकानातून एक जोड-वायर आणली, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. लेकाला फोन केला. ‘‘आई, माइकचा सिग्नल फार बारीक असतो. त्याला आधी मिक्सर लागतो.’’ माझ्या डोळ्यांपुढे चटणीचाच मिक्सर!

तर मैत्रिणींनो, गाण्याचा छोटा मिक्सर घेताना त्याला ‘ऑक्स सेंड’ आहे ना, एवढं बघा. माइक एका चॅनलला, गिटार दुसऱ्या. गिटारसाठी वेगळं इनपुट नसेल तर मध्ये डीआय बॉक्स. ऑक्स सेंडमधून वायर पेडलच्या इनपुटला, आणि पेडलच्या आउटपुटमधून वायर परत मिक्सरच्या तिसऱ्या चॅनलला. त्या तिसऱ्या चॅनलचं ऑक्सचं बटण शून्यावर म्हणजे शून्यावर! मी ते चुकून फिरवलं. पेडलचा आवाज पेडलमध्येच परत शिरला आणि अशी किंकाळी उठली की अहो आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले. मूळ आवाज पुढे न सोडण्याची सोय काही पेडलमध्ये असते. ती असेल तर चालू ठेवायची, नाहीतर तोच आवाज दोन वाटांनी येतो.

माइक आणि गिटार दोन्ही थेट घेणारे लूपरही मिळतात, बॉसचा २०२० साली आलेला आरसी-५०० तसाच आहे. पण मला मिक्सर आवडला, कारण प्रत्येक चॅनलचं ऑक्स वेगळं. गिटार रेकॉर्ड करताना माइकचं ऑक्स बंद ठेवायचं. हे शहाणपण मला कुकरने शिकवलं. माइक उघडा राहिला आणि शिट्टी लूपमध्ये शिरली. मग काय, दर आठ मात्रांनी डाळ शिजतेय!

आता खरी गोम सांगते. जोडणी एका रविवारी जमली, पाय जमायला तीन महिने लागले. पेडल बरोबर समेवर दाबावं लागतं. केरव्याची दोन आवर्तनं झाली की पुढच्या धा वर पाय. किंचित उशीर झाला तरी तो लंगडेपणा गाणं संपेपर्यंत फिरत राहतो, आणि तो साथीदाराच्या माथी मारायची सोय नाही, कारण साथीदारही आपणच. चपलेने अंदाज येत नाही, मी अनवाणीच दाबते. रोज दुपारी भांडी आवरली की अर्धा तास.

या कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं. मी सतरंजीच्या कडेला खुर्ची टाकली. आधी गिटारची दोन आवर्तनं, मग माइकचं ऑक्स उघडून खालच्या सुरात एक लांब आकार, दोन्ही फिरायला लागले. माइकचं ऑक्स बंद केलं आणि माझ्या पांढरी चारमध्ये मुखडा उचलला. दुसऱ्या अंतऱ्याला आवाज जरा कापला, नाही असं नाही. पेटीवाले काका पुढेच बसले होते, मांडीवर ताल धरून.

गाणं संपल्यावर शेजारच्या काकू जवळ आल्या. ‘‘अगं, मागे गात होती ती बाई कोण? छान आवाज आहे हो तिचा. ट्रॅक कुठे मिळाला?’’

मी साडी जरा वर धरून अनवाणी पाऊल दाखवलं.