डोनर गाडीच्या शोधात : कासूतला एक दिवस

सकाळी ६.३०

भाच्याला स्वतःच्या हाताने गाडी बांधायची आहे. बुटकी, उघडी, दोन सीटची. सांगाडा आम्ही कासूला माझ्या गॅरेजमध्ये पाइप जोडून करू, पण इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, स्टिअरिंग, ब्रेक हे सगळं एका जुन्या गाडीतून काढायचं. ती डोनर गाडी. पेणच्या अंगाला एका वाडीत ओम्नी विकायची आहे असं कळलं, तेव्हा मालकांना कालच सांगून ठेवलं होतं, "काका, आम्ही येईपर्यंत चावी फिरवू नका." पोचल्यावर पुढची सीट उचलून आधी इंजिनाला हात लावला. गार होतं. गरम इंजिनावर बरेच दोष झाकले जातात. सुरू केल्यावर निळसर धुराचा एक भपका आला आणि थांबला. म्हणजे व्हॉल्व्हचे सील थकलेत, पण पिस्टनच्या रिंगा धरून आहेत. धूर तसाच चालू राहिला असता तर चहा न घेताच परत निघालो असतो.

सकाळी ८

"मामा, पण ओम्नी? जेमतेम ३५ हॉर्सपॉवर!" भाच्याचा चेहरा पडलेला. त्याच्या डोळ्यांसमोर लोटस सेव्हन आहे, कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये आणलेली. ब्रिटनमध्ये सुट्या भागांत विकलेल्या गाडीवर खरेदीकर लागत नसे, म्हणून लोकांनी ती घरीच जोडली. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियनने पुस्तक लिहून जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून तशीच गाडी कशी बांधायची ते दाखवलं. ती मागच्या चाकांवर चालणारी एस्कॉर्ट आपल्याकडे आली नाही. आपल्याकडे उभं बसवलेलं इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागे अॅक्सल अशी रांग हवी असेल तर पद्मिनी, जिप्सी, ओम्नी अशा मोजक्याच गाड्यांवर विचार थांबतो. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीवर माझा जीव आहे, पण तिची शेवटची टॅक्सीही मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आता चांगली सापडली तर ती जपायची, कापायची नाही. जिप्सी सगळ्यात उत्तम, पण डोंगरात गाड्या घालणाऱ्यांनी तिचा भाव चढवून ठेवलाय. ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, आणि तिचा क्लच नागोठण्यातही मिळतो. शिवाय ओम्नीचं स्वतःचं वजन पावणेआठशे किलोच्या आसपास आहे. आमची गाडी त्याहून बरीच हलकी झाली, तर हेच ७९६ सीसीचं इंजिन वेगळंच वागेल.

सकाळी ९.३०

आता गंज. पेणचा हा पट्टा खाऱ्या वाऱ्याचा, वर चार महिने धो धो पाऊस. मॅट उचलली, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत गेलो. कडक आवाज आला की पुढे, भद्द आवाज आला की तिथे खडूची खूण. दाराखालच्या पट्टीला लोहचुंबक चिकटेना. रंगाखाली नुसती पुट्टी. काका ओशाळले. मी म्हटलं, "काका, पत्रा आम्हाला नकोच आहे." खरंच नको आहे. मला बघायचं होतं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं टोक जिथे बॉडीला बसतं ते आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या. पाट्या ठीक आहेत. नळ्या नव्या टाकायच्या, त्यावर वादच नाही.

दुपारी १२

पेणचं आरटीओ. सकाळी चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेतली होती, ती आरसी बुकाशी ताडून पाहिली. अंक जुळले, कर्जाचा बोजाही उतरलेला. भाच्याला इथे मुद्दाम आणलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. म्हणजे ओम्नीची नंबरप्लेट लावून आमची गाडी हायवेवर नेता येणार नाही. ओम्नी मोडली की ५५व्या कलमाप्रमाणे १४ दिवसांत कळवून तिची नोंदणी रद्द करायची. घरी बांधलेली गाडी या नियमांत कशी अडकते त्याचं उदाहरण आहेच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी केली, सुमारे ६० हजारांत. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं, आणि त्याच दमात ही नियमात बसत नाही, कधी तरी अडवली जाईल, हेही सांगितलं. त्या गाडीच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. लोहारांचं काम मला फार मोठं वाटतं. पण आमची गाडी खासगी आवारात आणि ट्रॅकवरच चालेल, हे भाच्याने पहिला पाइप कापण्याआधी मनाशी पक्कं करावं.

दुपारी ३

जेवून परत ओम्नीखाली, टेप घेऊन. खरी अडचण इथे आहे. ओम्नीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो, म्हणून स्टिअरिंगचा दांडा जवळजवळ उभा येतो. आमच्या गाडीत माणूस मागच्या चाकांना टेकून, पाय पसरून बसणार. तिथे दांडा आडवा हवा. मधे सांधा घालावाच लागेल. तो तयार, कंपनीचा घ्यायचा. स्टिअरिंगच्या दांड्याला घरचं वेल्डिंग मी करू देणार नाही.

दुपारी ४.३०

नागोठण्याला एक मारुती ८०० होती, तीही पाहून घेतली. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे, एकत्र. ते तसेच उचलून सीटमागे बसवता येतात. पण मग वळणारी चाकं मागे जातात, त्यांचे टायरॉड सांगाड्याला पक्के जखडावे लागतात, गिअरची जोडणी उलटी ओढावी लागते. दुसऱ्या गाडीला करू.

संध्याकाळी ६

ओम्नीच ठरली. अख्खी आणि चालती आहे म्हणून घेतली. नुसतं इंजिन भंगारात स्वस्त पडलं असतं, पण मग माउंटिंग, केबल, पेडल, एकेक नट शोधत वर्ष गेलं असतं. काकांना विसार दिला, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या. नाव बदलून आलं की भाच्याने महिनाभर ती चालवायची, गिअर कुठे अडतो, ब्रेक कुठल्या बाजूला ओढतो ते वहीत लिहायचं. त्यानंतर पहिलं काम वायरिंगचं : बॅटरी सोडवायची, प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधायची, फोटो काढायचे, आणि एकही वायर न कापता सगळा हार्नेस अखंड बाहेर काढायचा.